हातात किती पडतात ते मोजा

१ फेब्रुवारी २०२५. लोकसभेत अर्थसंकल्प मांडताना निर्मला सीतारामन यांनी विकसित भारत म्हणजे काय, ते पाच-सहा ओळींत सांगितलं. गरिबी शून्यावर, चांगलं शालेय शिक्षण शंभर टक्के, परवडणारी आरोग्यसेवा, कुशल कामगारांना अर्थपूर्ण रोजगार. आणि सत्तर टक्के स्त्रिया आर्थिक कामांत.

ती ओळ ऐकून मला बरं वाटलं. बाईच्या कमाईचा विषय आपल्याकडे भाषणाच्या शेवटी, बालकांच्या आणि दिव्यांगांच्या परिच्छेदाला जोडून येतो. या वेळी तो देशाच्या वाढीच्या व्याख्येतच आला. म्हणून त्या सत्तरशी भांडण काढते आहे. जो आकडा निरर्थक वाटतो त्याच्याशी कोण भांडतं?

आज आपण कुठे आहोत? सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. सहा वर्षांत एवढी उडी. मंत्री, सचिव, सल्लागार सगळे हा आकडा सांगतात आणि तो खराच आहे. पण त्याच अहवालाची पुढची पानं उलटा. २०२३-२४ मध्ये कामात असलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी ६७ स्वयंरोजगारात होत्या. त्या ६७ मधल्या जवळपास ३७ जणी घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला मदतनीस. नियमित पगाराची नोकरी असलेल्या फक्त १६. सहा वर्षांपूर्वी शंभरात २१ होत्या.

म्हणजे आज जसं मोजतो तसंच मोजत राहिलो, तर २०४७ मध्ये, विकसित भारताच्या मुदतीला, सत्तर टक्के गाठलेले असतील आणि त्यातल्या कितीतरी बायकांच्या हातात स्वतःच्या कामाचा एक रुपयाही पडलेला नसेल. लक्ष्य पूर्ण, बाई रिकाम्या हाताची. माझी तक्रार एवढीच आहे आणि आजचं सदर तिच्यासाठीच आहे.

मला हे रिकामे हात घरातूनच ठाऊक आहेत. तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान होतं. १९८१ च्या जनगणनेला शाळेतले गुरुजीच घरोघर फिरत होते. मी तेव्हा चौथीत होते, दुकानाच्या ओट्यावर बसून अंकलिपीला कव्हर घालत होते. गुरुजींनी वडिलांना विचारलं, "वहिनी काय करतात?" वडील म्हणाले, "काही नाही, घरीच असते." आई त्या वेळी तागडीत शेंगदाणे जोखत होती. सकाळी सहाला दुकान तीच उघडायची, उधारीची वही तीच लिहायची, कोणाकडून किती यायचंय ते तिला तोंडपाठ असायचं. तिने शेंगदाण्यांची पुडी बांधली, गिऱ्हाइकाला दिली, सुटे पैसे मोजून परत केले. गुरुजींनी तिच्या रकान्यात जे लिहायचं ते लिहिलं आणि चहा घेऊन पुढच्या घरी गेले.

वडील खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. आज सर्वेक्षणवाले आले असते, तर त्यांनी चार प्रश्न जास्त विचारले असते आणि आईला 'घरच्या धंद्यात मदतनीस' म्हणून कामकरी स्त्रियांत धरलं असतं. ही सुधारणा आहे, मी ती नाकारत नाही. पण गल्ल्याची किल्ली तेव्हाही वडिलांच्या करदोट्याला होती आणि नव्या मोजणीनेही ती तिथेच राहिली असती. आईला माहेरी जायचं तर एसटीच्या तिकिटाचे पैसे मागून घ्यावे लागायचे. ज्या गल्ल्यात दिवसभर तिनेच पैसे टाकले, त्याच गल्ल्यातून.

इथे कोणी म्हणेल, मग घरकामाचीही किंमत करून ती राष्ट्रीय उत्पन्नात धरा. मी ती मागणी करणार नाही. हिशेबाचा आजचा नियम विचित्र आहे, हे मान्य. घरच्या म्हशीचं दूध घरच्यांनीच प्यायलं तरी ते देशाच्या उत्पादनात धरतात, ते दूध तापवून पेल्यात ओतून देणं धरत नाहीत. पोळी घरच्या पोळपाटावर लाटली तर शून्य, कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात लाटली तर उत्पन्न. पण उद्या दिल्लीत बसून कोणी त्या पोळीची अंदाजे किंमत लावली आणि देशाचं उत्पन्न फुगवून दाखवलं, तर लाटणारीला काय मिळणार? आकडा वाढेल, हात तसाच राहील. वेळेचा हिशेब मात्र हवाच. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. पावणेपाच तासांहून जास्त. सत्तर टक्के स्त्रियांना बाहेर कामाला आणायचं असेल, तर या मिनिटांचं काय करणार, याचं उत्तर अर्थखात्याने द्यायला हवं. महिला व बालविकास खात्याकडे ना तेवढा पैसा आहे, ना तेवढं वजन.

हे अर्थखात्याचं काम आहे, असं म्हणणारी मी पहिली नाही. पहिल्यांदा ते म्हटलं गेलं, त्याला आता पंच्याऐंशी वर्षं झाली.

१९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सचिव अर्थतज्ज्ञ के. टी. शहा. स्वातंत्र्य अजून नऊ वर्षं दूर होतं आणि ही मंडळी स्वतंत्र देशाची आर्थिक आखणी करत होती. त्यांनी जलसिंचन, उद्योग, विमा, मजूर अशा विषयांवर उपसमित्या नेमल्या. त्यांतली एक होती नियोजित अर्थव्यवस्थेतील स्त्रीच्या स्थानावर. तिच्या अध्यक्षा होत्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे, म्हणजे विदर्भातले पुढारी सर मोरोपंत जोशी यांची कन्या. या उपसमितीचा अहवाल १९४७ मध्ये पुस्तकरूपाने छापला गेला. आजही तो वाचताना मी मधेच थांबते. नियोजनात एकक म्हणून कुटुंब धरू नका, बाईला स्वतंत्र व्यक्ती म्हणून धरा, असं त्यात म्हटलं आहे. घरातल्या कामाला आर्थिक मोल आहे हे ओळखा, कामाच्या जागी मुलं सांभाळायची सोय करा, हेही.

मग स्वातंत्र्य आलं, पंचवार्षिक योजना आल्या आणि बाई नियोजनाच्या पानावरून समाजकल्याणाच्या पानावर गेली. १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ झालं. दुर्गाबाई देशमुखांनी ते मनापासून उभं केलं, त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण शिलाई मशीन आणि बालवाडी एका बाजूला, पोलाद आणि धरणं दुसऱ्या बाजूला, अशी जी वाटणी झाली ती झालीच. 'स्त्रिया आणि विकास' असं स्वतंत्र प्रकरण योजनेत यायला सहावी योजना उजाडावी लागली, म्हणजे १९८०. राजवाडे समितीने जे काम नियोजनाच्या आधी करायला सांगितलं होतं, त्याला पाच योजना उलटल्यावर एक प्रकरण मिळालं.

आणि एकक? ते अजून कुटुंबच आहे. पुरावा हवा असेल, तर ऊसतोडीच्या फडावर चला.

दसरा झाला की बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर भागांतून लाखो माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुण्याकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. एकट्या बाईला मुकादम सहसा घेतच नाही. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो, ती नवऱ्याच्या हातात पडते आणि वहीत त्याच्याच नावावर लिहिली जाते. अनेकदा ती आदल्या वर्षाची फेड, दवाखाना, मुलीचं लग्न यांत हंगामाआधीच संपलेली असते. ती फिटेपर्यंत दोघांनी तोडायचं. टनामागचा दर कोयत्याचा. जानेवारी २०२४ मध्ये मजूर संघटना आणि साखर संघ यांच्यात ३४ टक्के वाढीचा करार झाला आणि तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. वाढ झाली ती कोयत्याची. बाईच्या वाट्याचा टन कोणता आणि गड्याचा कोणता, ते कुठेच लिहिलेलं नाही.

ती काय करते, ते कोणालाही विचारा. पहाटे तीनला उठून चूल पेटवायची, भाकरी थापायची, पाणी भरायचं. पाळण्यातलं पोर बरोबर घेऊन फडावर जायचं, त्याला बांधाकडेला साडीच्या झोळीत टाकायचं. गडी ऊस तोडतो, ही पाचट काढते, वाढं बाजूला करते, मोळ्या बांधते. डोकी सेंटर असेल तर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. रात्री ट्रक भरायला बोलावणं आलं तर तेव्हाही. परत कोपीत येऊन पुन्हा चूल. एक दिवस आजारपणाने गेला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. पाळीचे चार दिवसही खाडाच.

याचा शेवट काय होतो, ते २०१९ मध्ये सगळ्या देशाने वाचलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहातली एक. त्यांतल्या अनेक जणींनी चाळिशीही पाहिलेली नव्हती. शस्त्रक्रियेचं कर्ज पुढच्या उचलीतून फेडायचं, म्हणजे पुढच्या हंगामाला पुन्हा मोळी.

आता देशाच्या आर्थिक धोरणाकडे या. उसाचा भाव केंद्र सरकार दर वर्षी ठरवतं, २०२५-२६ साठी तो क्विंटलला ३५५ रुपये आहे. साखरेला किमान विक्री दर आहे. मळीपासून होणाऱ्या इथेनॉलची किंमत केंद्राच्या मंत्रिमंडळापुढे जाते. उसाच्या एका कांडीपासून पेट्रोलच्या टाकीपर्यंत प्रत्येक टप्प्याला सरकारने भाव बांधून दिलेला आहे. तीच कांडी डोक्यावर वाहून नेणाऱ्या बाईला स्वतःचा भाव नाही. तिचा भाव नवऱ्याच्या भावात मुरलेला आहे.

हे मी अन्याय म्हणून सांगते आहेच. पण अर्थमंत्र्यांना त्यातलं अर्थशास्त्रही सांगायचं आहे. जिचा वेळ फुकट, तिचा वेळ वाचवायला कोणी पैसा घालत नाही. मोळी उचलायला साधा पट्टा बसवायला खर्च येतो, बाईची मान फुकट आहे. फडाजवळ पाण्याचा टँकर उभा करायला खर्च येतो, तिची दोन किलोमीटरची पायपीट फुकट आहे. ज्या धंद्यात अर्धे श्रम फुकटात मिळतात, तो धंदा सुधारत नाही, त्याची उत्पादकता वाढत नाही. आणि उत्पादकता वाढल्याशिवाय कोणत्याही देशाची वाढ टिकलेली नाही. बाईला तिच्या नावाची मजुरी देणं हा वाढीवरचा बोजा आहे, असं समजणाऱ्यांनी हा हिशेब उलटा मांडलेला आहे. साखर कारखानदारीत हे जितकं लख्ख दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही, म्हणून त्यावर इतकं लिहीत बसले. भातलावणी, कापूस वेचणी, विडीकाम, घरी बसून कपड्याला टिकल्या लावणं, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आहे.

"पण मजुरी वेगळी कशी द्यायची? खाती नाहीत, कागद नाहीत, बायका अडाणी." ही सबब मी तीस वर्षं ऐकते आहे. ती सबब २०२४ च्या पावसाळ्यात संपली. जूनच्या शेवटी राज्याच्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली आणि ऑगस्टच्या मध्यात, राखीच्या आधी, पहिल्या दोन महिन्यांचे तीन हजार रुपये बायकांच्या खात्यावर पडायला लागले. पुढे ही संख्या दोन कोटींच्या वर गेली. आधार जोडणी झाली, बंद पडलेली खाती जागी झाली, वाडीवस्तीवरच्या बायका रांगा लावून बँकेत गेल्या. त्या योजनेवर टीका करणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. महिन्याला १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये, पण ते तिच्या नावावर येतात आणि ज्या बाईला एसटीच्या तिकिटाला हात पसरावा लागला आहे, तिला त्याची किंमत विचारा.

मला त्यातून वेगळंच दिसलं. सरकारने ठरवलं तर दीड-दोन महिन्यांत राज्यातल्या बाईच्या स्वतःच्या खात्यापर्यंत पैसा पोचतो. मग ऊसतोडीची मजुरी का पोचत नाही? कोयत्याचा करार दोन नावांचा करा. टनाचा दर दोन खात्यांत अर्धा-अर्धा टाका. हे करायला तिजोरीतला एक रुपयाही लागत नाही, कारण ते पैसे तिने आधीच कमावलेले आहेत. साखर आयुक्तालय गाळप परवाना देताना ही अट घालू शकतं. ओवाळणी द्यायला भाऊ तयार आहे, बहिणीची मजुरी तिच्या हातात द्यायला मात्र कोणी पुढे येत नाही.

आणि हे महाराष्ट्राला नवंही नाही. रोजगार हमी इथलीच. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला. त्या कामांवर बायका हजारोंनी आल्या. गावात शेतमालक देईल ती अर्धी मजुरी घेणाऱ्या बाईला पहिल्यांदा गड्याच्याच दराने पैसे मोजून मिळाले. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला. पगारपत्रकात आजही महिन्याला दोनशे रुपये कापले जातात ना, त्याचं मूळ तिथे आहे. मुंबईच्या कचेरीतल्या माणसाने मराठवाड्यात खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी भरायची, ही कल्पना या राज्याने कायद्यात आणून दाखवली. तो कल्याणाचा कार्यक्रम नव्हता. त्यातून पाझर तलाव झाले, रस्ते झाले, विहिरी झाल्या. वाढ आणि बाईची कमाई एकाच हजेरीपटावर होती.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने ते देशभर नेलं आणि किमान एक तृतीयांश काम स्त्रियांना द्यायची अट घातली. नंतरच्या वर्षांत देशभर त्यांचा वाटा निम्म्याच्या वर गेला. बायकांना बाहेर काम करायचं नसतं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे आहे. पैसे मिळणार, वेळेवर मिळणार, घराजवळ मिळणार आणि मुकादम अंगाला झोंबणार नाही, एवढं झालं की बाई घराबाहेर पडते.

कारखान्यांचंही तसंच. देशातल्या कारखान्यांत कामाला असलेल्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त एकट्या तमिळनाडूत आहेत. तिथल्या बायका काही निराळ्या मातीच्या नाहीत. तिथे वसतिगृहं बांधली, पाळीच्या वेळा धरून बसगाड्या सोडल्या. आपल्याकडे चाकण, रांजणगावला जमीन दिली, वीज दिली, करसवलती दिल्या, पण लातूरहून आलेली आयटीआय झालेली पोरगी राहणार कुठे, हे उद्योगखात्याच्या कागदावर आलं नाही. ते महिला खात्याचं काम समजलं गेलं. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं, तेव्हा भाजीची टोपली घेऊन तालुक्याला जाणाऱ्या कितीतरी जणींचा रोजचा नफा वाढला. बसचं तिकीट हेसुद्धा उद्योगधोरण आहे, हे उद्योगखात्याने एसटीच्या कंडक्टरकडून शिकावं.

पाळणाघराचं थोडक्यात. २०१७ मध्ये प्रसूती रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. हेतू चांगला. पण कामगार विम्याच्या कक्षेबाहेरच्या नोकरदार बाईचा रजेचा सगळा पगार एकट्या मालकाने द्यायचा, पाळणाघरही त्यानेच चालवायचं. मग तो मुलाखतीतच विचारतो, "लग्न झालंय का?" मूल हे समाजाचं, तर त्याचा खर्च सगळ्यांच्या करातून गेला पाहिजे. रस्ता बांधायला आपण मालकांकडून वर्गणी मागत नाही.

आणि 'मानधन' हा शब्द. गावातल्या अंगणवाडीच्या ताई आणि आशा ताई यांना पगार नाही, मानधन मिळतं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा गौरव केला. त्याच्या महिनाभर आधी, २५ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या प्रकरणात अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला. जग मान देतं, न्यायालय हक्क देतं आणि देशातलं सगळ्यात मोठं मालक असलेलं सरकार त्यांना कर्मचारी म्हणायला तयार नाही. आझाद मैदानावर ऊन-पावसात बसल्याशिवाय त्यांची वाढ होत नाही. सत्तर टक्क्यांचं स्वप्न बघणाऱ्या सरकारने आधी आपल्या हजेरीपटावरच्या बायकांना पगार द्यावा, मग बाजाराला उपदेश करावा.

केंद्राच्या २०२५-२६ च्या स्त्री-अर्थसंकल्पाचा आकडा ४.४९ लाख कोटी आहे, एकूण खर्चाच्या ८.८६ टक्के. मोठा आहे. पण त्यात घरकुलासारख्या योजनांच्या मोठाल्या रकमा येतात. घर नवराबायको दोघांचं, मुलांचं, सासूसासऱ्यांचं. घर हवंच, आणि त्यावर तिचं नाव हवं हेही बरोबर. तरी त्या रकमेतून किती बायकांच्या हातात कमाई आली, हे त्या विवरणात शोधून सापडत नाही. जमिनीचंही तेच. २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहिवाट स्त्रीच्या नावावर असलेल्या खात्यांचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला बायकांचा महासागर लोटला, त्यानंतर शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करून दिली. एका संघटनेच्या शब्दावर जे गावांनी केलं, ते कृषी खात्याला अजून जमलेलं नाही.

मला सत्तरऐवजी दुसरं लक्ष्य हवं आहे: दर शंभर स्त्रियांपैकी किती जणींच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कामाचा पैसा दर महिन्याला जमा झाला. तो आकडा सुरुवातीला फार लहान निघेल. निघू द्या. तो दर वर्षी अर्थसंकल्पाच्या भाषणात, विकासदराच्या शेजारच्या ओळीत वाचला जावा. तो वाढवायचा तर पाळणाघर, बस, वसतिगृह, सातबारा, मजुरीचा करार, सगळ्याला हात घालावा लागेल आणि तेव्हा ते कोणत्या खात्याचं काम, हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

जनगणनेची पुढची फेरी जवळ आली आहे. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७, म्हणजे माणसं मोजायची ती फेब्रुवारीत. फेब्रुवारीत गाळप हंगाम चालू असतो. बीडच्या, जालन्याच्या घरांना तेव्हा कुलपं असतील, म्हातारी माणसं तेवढी मागे असतील. प्रगणकाला ही माणसं शोधायला कोल्हापूर-सांगलीच्या फडावर, कोप्यांपर्यंत जावं लागेल, आणि तेही उजाडायच्या आधी किंवा अंधार पडल्यावर. तिथे तो विचारेल, "काय करता?" त्याने तो प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारावा. बाईला आधी.